फेब्रुवारीअखेर वाळवंटात प्रस्तरारोहण: वादी रम, ओमान, मोरोक्को की आणखी कुठे?

बाजवाडा_बॉय

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं बडोदेकर: मी, माझा चुलतभाऊ, बायको आणि तिची जुम्मादादा व्यायाममंदिरातली मैत्रीण. २०२६ची महाशिवरात्र झाली की होळीच्या आत नऊ दिवसांची रजा जमली आहे. चार साहेबांना एकाच आठवड्यासाठी पटवणं हीच खरी अवघड चढाई होती, ती झाली. आता जायचं कुठे एवढंच ठरत नाहीये.

डोक्यात वाळवंट बसलंय. सह्याद्रीचा काळा दगड, घसारा आणि कारवी पुष्कळ झाली. तांबडा खडक, कोरडी हवा, रात्री आभाळभर तारे असं काहीतरी हवंय. तीन नावं काढली आहेत: जॉर्डनचं वादी रम, ओमान आणि मोरोक्कोतली टोड्रा घळ. खरं सांगायचं तर मन रमवरच आहे. माणशी सव्वा लाख, ताणून दीड.

अनुभव: मी आणि भाऊ पुण्याच्या मंडळींबरोबर तैलबैला, वजीर, वानरलिंगी हे सह्याद्रीतले कडे-सुळके केलेत. बायकोने अबूला प्रस्तरारोहणाचा बेसिक कोर्स केलाय. मैत्रीण दोरीच्या मल्लखांबावर वाढलेली, दगडावर मात्र दोनदाच. जिममध्ये आम्ही दोघं ६ए या श्रेणीपर्यंत (आकडा मोठा तशी चढाई अवघड) जातो.

कोणी गेलंय का? थंडी किती असते? सामान काय न्यायचं? अहमदाबादच्या एका ट्रॅव्हलवाल्याने 'डेझर्ट क्लाइंबिंग पॅकेज' म्हणून कोटेशन दिलं. त्यात उंटावरची सफर तीन वेळा होती आणि दोराचं नाव एकदाही नव्हतं, म्हणून इथे विचारतोय.

गाजर_हलवा

पावागढला जा. रोपवे आहे, वर महाकाली आहे, खाली चांपानेर आहे. संध्याकाळी घरी येऊन सेव उसळ. दिवे घ्या.

मस्कतची_मावशी

बडोद्याचं कोणी दिसलं की राहवत नाही. माहेर दांडिया बाजार, आता बारा वर्षं मस्कतला. मी स्वतः चढत नाही, पण नवरा आणि मुलगा दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या वादीत, म्हणजे कोरड्या दरीत, लटकलेले असतात आणि मी खाली थर्मास घेऊन बसलेली असते. त्यामुळे बघून बघून बरंच कळतं.

तुमच्या तारखांना इथली हवा सोन्यासारखी असते. दिवसा पंचवीसच्या आसपास, डोंगरात रात्री स्वेटर लागतो. ऑक्टोबर ते मार्च हाच काय तो मोसम, एप्रिलपासून दगडाला हात लावता येत नाही. पण एक लक्षात घ्या, ओमानचा डोंगर तुमच्या मनातला तांबडा नाही. चुनखडी आहे, राखाडी, आणि धारदार. नवऱ्याची बोटं बघितली तर किसणीवर आलं किसलंय असं वाटतं. दोर अडकवायला दगडात कायमचे बोल्ट मारलेल्या छोट्या भिंती या वादींमध्ये आहेत. जबल मिश्त या डोंगराची आग्नेय भिंत मात्र हजारेक मीटरची, फ्रेंच लोकांनी १९७९ साली चढलेली. ती लांबून बघायची.

दुसरं म्हणजे, २०२६मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान सुरू होतोय. तुमचे नऊ दिवस बरोबर त्यातच येतात, आणि तुमच्या यादीतल्या तिन्ही देशांना हे लागू आहे. दिवसा हॉटेलं बंद, लोकांसमोर पाणीसुद्धा पिऊ नये. आडबाजूच्या भिंतीवर कोणी बघायला येत नाही, पण गाइड आणि ड्रायव्हर उपाशी असतात. त्यांना दुपारी तीन वाजता "अजून एक रूट करू" म्हणणं बरं दिसत नाही. संध्याकाळी मात्र जे जेवायला घालतात, विचारू नका.

बाजवाडा_बॉय

मावशी, रमजानचं डोक्यातच आलं नव्हतं. ही माहिती तर पॅकेजवाल्यानेही दिली नाही. धन्यवाद.

दगडफोड्या

महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भूशास्त्र केलंय, नोकरी भलतीकडेच करतो. त्यामुळे दगडावर बोलायची संधी मिळाली की सोडत नाही. चहा घेऊन बसा.

'वाळवंटी चढाई' असा एकच प्रकार नसतो. वाळवंट हे हवेचं नाव, दगड प्रत्येक ठिकाणी वेगळा. कॅलिफोर्नियाच्या जोशुआ ट्रीला ग्रॅनाइटच्या जातीचा खरखरीत दगड. टोड्राला आणि ओमानला चुनखडी. रमला खाली जुनाट ग्रॅनाइटचा पाया आणि त्यावर शेकडो मीटर वालुकाश्म. यूटाच्या इंडियन क्रीकलाही वालुकाश्मच, पण तिथे सरळसोट एकसारख्या भेगा, एकाच मापाचे सहा-सहा, आठ-आठ कॅम (भेगेत फसवून दोर अडकवायचं पाकळ्यांचं साधन) लागतात.

वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा माल. तो माल सिलिकाचा असला तर दगड लोखंडासारखा, मातीचा किंवा चुन्याचा असला तर भिजल्यावर भुसभुशीत. वरून वाळलेला दिसतो, आत ओल असते. म्हणून लास वेगासजवळच्या रेड रॉकला पाऊस पडून गेल्यावर एक ते तीन दिवस चढू नका असं सांगतात. पकड हातात तुटून येते, आणि तुटली ती कायमची तुटली, पुढच्याला मिळत नाही. रमचा पाऊस थोडासाच, पण जो पडतो तो हिवाळ्यातच. म्हणजे तुमच्या नऊ दिवसांत एक सर आली की दोन दिवस बसून चहा.

आता कॅम. बाहेरून साधी वाटणारी ही चीज पडणाऱ्याची ओढ भिंतींवरच्या दाबात बदलते. पाकळीच्या कोनाचं गणित मांडलं तर भेगेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ओढीच्या दुप्पट जोर बसतो. ग्रॅनाइट तो हसत झेलतो. मऊ वालुकाश्मात पाकळ्या कण चिरडत सरकतात आणि कॅम बाहेर येतो. म्हणून तिथे कॅम खोल लावायचा, शक्य तर मोठ्या मापाचा, आणि एकावर भरवसा ठेवायचा नाही.

कच्छचा विचार कोणी सुचवण्याआधीच सांगतो: भूजकडचा वालुकाश्म बघायला सुंदर, चढायला बिस्किट.

कमाटीबाग_कट्टा

वाचनखूण साठवली. दगडफोड्या, बिस्किट कुठलं, पार्ले की खारी?

दगडफोड्या

चहात बुडवलेलं पार्ले.

रेतीवरचा_रेडा

मी रमला जाऊन आलोय, चढायला नाही, ट्रेकला. तीन रात्री बेदूइन कँपात. काळा चहा, साखर एवढी की चमचा उभा राहावा. जबल बुर्दाच्या दगडी कमानीपर्यंत गेलो होतो, गाइडने दोन ठिकाणी दोर लावला. फेब्रुवारीचाच दुसरा आठवडा. दिवसा उन्हात टीशर्ट, सावलीत जॅकेट, रात्री पाचच्या खाली आणि वारा. एका सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फाचे पापुद्रे होते. तारे मात्र जसे म्हणताय तसेच, त्यात खोट नाही.

खर्च: अम्मानहून रम गाडीने चारेक तास, अकाबाहून तासभर. प्रवेश ५ दिनार. व्हिसाचं सध्याचं दूतावासाच्या साइटवर बघा, माझी माहिती जुनी आहे. आणि तिकडच्या बातम्या बघून परत न मिळणारं तिकीट काढू नका.

बाजवाडा_बॉय

वाचूनच अंगावर काटा आला. माझं तर रमच नक्की होतंय. बायको टोड्रा म्हणतेय, कारण तिथे घळीच्या तोंडाशी हॉटेल आहे आणि हॉटेलात बाथरूम.

ताई_टोकाची

तुमच्या बायकोशी शंभर टक्के सहमत.

टोड्रा मी केलंय. नवरा-बायको दोघंच गेलो होतो. तिंघीर गावापासून पंधराएक किलोमीटरवर घळ, दोन्ही बाजूंना तीनशे मीटरपर्यंतच्या भिंती, मधून ओढा आणि रस्ता. बोल्ट असलेले शेकडो रूट, ४ पासून ७ च्या पुढे, आणि बरेच अगदी रस्त्यालगत. सकाळी शूज घालून दहा मिनिटांत दगडावर. फेब्रुवारीत फक्त ऊन-सावलीचा खेळ जमवावा लागतो. घळ इतकी अरुंद की काही भिंतींवर ऊन दोन तासच येतं. आम्ही उन्हाच्या मागे गोगलगाईसारखे सरकत असायचो.

पण पोचणं लांब आहे. मारकेशहून गाडीने सहा-सात तास, मध्ये तिझी न तिश्काची खिंड, २२०० मीटरच्या वर. हिवाळ्यात बर्फाने बंद होऊ शकते. नऊ दिवसांत जाणं-येणं धरून पाच दिवस चढायला मिळतील. आणि सव्वा लाखात बसवायचं म्हणजे विमानतळावर घरचे ठेपले.

सुळका_आजोबा

वय वर्षे सदुसष्ट, पुणे. गुडघे आता फक्त धागे वाचायच्या कामाचे.

बाजवाडा, एकच विचारतो. तैलबैला, वजीर, वानरलिंगी. तिन्ही ठिकाणी पहिला कोण चढला?

बाजवाडा_बॉय

काका, लीड, म्हणजे पुढे चढणं, क्लबच्या सीनियर मंडळींचं. आम्ही सेकंड, थर्ड. वजीरला भावाने शेवटचे दहा-बारा मीटर लीड केले होते, बोल्टवर.

सुळका_आजोबा

मग धागा जिथून सुरू व्हायला हवा होता तिथे आत्ता आला.

हवा कशी, व्हिसा कसा, बाथरूम कसं, हे सगळं बरोबर. पण चौघांपैकी पुढे कोण चढणार आणि अडचणीच्या जागी स्वतःच्या हाताने काय लावणार, यावर जागा ठरते. रमला १९८४मध्ये टोनी हॉवर्ड आणि त्याचे साथीदार गेले तेव्हा झलाबिया बेदूइनांनी त्यांना वाटा दाखवल्या. आयबेक्सच्या शिकारीसाठी त्यांचे बापजादे अनवाणी चढत त्या वाटा. तेव्हापासून तिथली रीत म्हणजे दगडात कमीत कमी लोखंड. बोल्ट कमी, बाकी सगळं तुम्ही न्यायचं, लावायचं, काढायचं. अंकरसुद्धा, म्हणजे दोर बांधायची जागा, बहुतेक ठिकाणी दगडाच्या भोकातून ओवलेली पट्टी. ती कोणी, कधी ओवली, उन्हाने किती कुजली, हे तुम्ही ओळखायचं.

मी गेलो तेव्हा पंधरा वर्षं लीड करून झाली होती, तरी फजिती झाली. जबल रमच्या एका बेदूइन वाटेने चढलो. चढणं सोपं, जिना असावा तसं. माथा १७३४ मीटर, गावापासून सातआठशे मीटर वर. फोटो काढले, खजूर खाल्ले, निघालो उतरायला आणि वाट हरवली. वरून सगळे घुमट एकसारखे. तिसऱ्या रॅपलला (दोरावरून उतरण्याला) दोर ओढताना वालुकाश्माच्या खोबणीत रुतला. दोघांनी लटकून ओढला तरी हलेना. अंधार पडला. फेब्रुवारीच होता. रात्रभर दोघं एका कपारीत पाठीला पाठ लावून बसलो. रेडे म्हणतात तो बाटलीतला बर्फ आमच्या मिशांवर होता. सकाळी खालून एका म्हाताऱ्या बेदूइनाने हातवारे करून डावीकडे जा असं दाखवलं. डावीकडे वीस पावलांवर चालत उतरायची वाट होती.

आम्ही चढून दमलो नव्हतो, उतरून दमलो. रमला जाणाऱ्याने हे लिहून ठेवावं.

बाजवाडा_बॉय

काका, म्हणजे रम नकोच म्हणता? गाइड केला तर?

सुळका_आजोबा

गाइडच्या मागे खुशाल जा. उत्तम माणसं आहेत, दगड ओळखतात. पण मग ते पुन्हा सेकंडच. तुम्हाला तेच हवं असेल तर रम, नाहीतर बोल्टवर स्वतः लीड करायचं असेल तर टोड्रा किंवा मावशींचं ओमान. मनात काय आहे ते आधी चौघांनी एका खोलीत बसून ठरवा.

ट्रॅड_तात्या

काका उगाच घाबरवताहेत असं माझं मत. रमलाही सोपे रूट आहेत, मुलं करून येतात. दोन कॅम कमी-जास्त, काय होतंय? आमच्या वेळी सुताच्या दोरावर सुळके केले लोकांनी.

दगडफोड्या

तात्या, सुताच्या दोरावर केलेल्यांपैकी जे परत आले त्यांच्याच आठवणी आपण ऐकतो ने.

ताई_टोकाची

आणि विम्याचं कोणी बोललंच नाही. नेहमीच्या प्रवास विम्यात दोर लावून केलेली चढाई बहुतेक वगळलेली असते. बारीक अक्षरात 'साहसी खेळ' शोधा. वेगळं कव्हर घ्या, त्यात सुटका आणि हेलिकॉप्टर आहे का ते ईमेलवर लेखी विचारा. फोनवर सगळे "हो मॅडम" म्हणतात.

मस्कतची_मावशी

ताई, टाळ्या.

अबूचा_अवलिया

उशिरा आलो, पूर्ण वाचलं. एक वेगळं टाकतो, शिव्या घाला.

वाळवंटाच्या काठावर, बडोद्याहून गाडीने पाच-सहा तासांवर अबू आहे. अबू रोड स्टेशन साधारण २८० किलोमीटर, पुढे घाट अठ्ठावीसेक. ग्रॅनाइट, साधारण पंचाहत्तर कोटी वर्षांचा. खरखरीत, कडक, भेगाच भेगा. गुजरात सरकारची गिर्यारोहण संस्था तिथेच आहे. अबू १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता, मग राजस्थानात गेला, संस्था मात्र गुजरातची. तुमच्या बायकोने कोर्स केलाय म्हणजे तिला जागा माहीत असणार.

काकांचा प्रश्न लीडचा आहे ना? मग स्वतः नट (भेगेत अडकवायची धातूची पाचर), कॅम लावायला शिकायला वालुकाश्मापेक्षा ग्रॅनाइट बरा, चूक झाली तर दगड साथ देतो. जमिनीवर उभं राहून वीस तुकडे लावा, प्रत्येकाला पट्टी अडकवून उडी मारा. किती टिकतात ते मोजा. मग रमचं बोला.

फेब्रुवारीअखेर हवा मस्त, जानेवारीसारखं शून्याला टेकत नाही. सावध राहायचं ते दोन गोष्टींना: आग्या मोहोळ आणि अस्वल. डोंगराचा बराच भाग अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका. आणि मोहोळाखाली अत्तर, सिगरेट, आरडाओरडा काही नको.

बाजवाडा_बॉय

अवलिया, शिव्या कशाला. पण अबू म्हणजे आमचं लहानपणीचं नक्की लेक, मक्याचं कणीस आणि हनिमूनची जोडपी. पासपोर्ट घेऊन निघालेल्या माणसाला अबू सांगणं म्हणजे... असो. चौघं आज रात्री बसतो.

कमाटीबाग_कट्टा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बाजवाडा_बॉय

अपडेट. बसलो. भांडलो. भाऊ म्हणाला रमच, नाहीतर मी येत नाही. बायको म्हणाली तुला रम पाहिजे की रमचा फोटो. त्यावर जी शांतता पसरली ती अजून आहे.

मग ठरलं की आधी एक शनिवार-रविवार अबूला जाऊन अवलियांची परीक्षा द्यायची. संस्थेतून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकांना बायको ओळखते, ते आले. उधारीचा रॅक होता: नट दहा, कॅम सहा.

सुळका_आजोबा

निकाल?

बाजवाडा_बॉय

काका, मी वीस लावले. सात निघाले. त्यातले दोन तर सरांनी नुसते बोटाने हलवले आणि हातात आले. माझ्या डोळ्यांना ते वीसही फोटोतल्यासारखे दिसत होते. भावाचे नऊ निघाले. बायकोचे तीन. मैत्रिणीने पाचच लावले, पाचही टिकले. कारण विचारलं तर म्हणाली, मल्लखांबाचा दोर पकडण्याआधी जशी गाठ चाचपून बघतो तसं प्रत्येक भेगेत आधी बोट घालून बघितलं. आम्ही बाहेरून बघून माप ठरवत होतो.

सर म्हणाले, भेग आत गेल्यावर रुंद होते का अरुंद हे डोळ्याला दिसत नाही. नट अरुंद होणाऱ्या जागी बसतो. मी उलटं बसवत होतो.

दुसऱ्या दिवशी सोप्या भेगेत मी पंधरा मीटर लीड केलं, वरून दुसरा दोर लावून, म्हणजे पडलो तरी लटकणार. हात असे थरथरत होते की नटाची साखळी वाजत होती. जिममधलं ६ए कुठे गेलं देव जाणे. ही भेग फार तर ४ असेल.

अबूचा_अवलिया

पंधरा मीटरला किती तुकडे लावले?

बाजवाडा_बॉय

अकरा. सर हसले. म्हणाले भीतीचा हिशेब आहे, कमी होईल.

ताई_टोकाची

अकरा म्हणजे चांगली सवय. मी पहिल्यांदा दोन लावले होते आणि वर जाऊन रडले होते.

बाजवाडा_बॉय

तर शेवटचं. सात दिवस अबू, सर रोज येणार आहेत, त्यांचं मानधन ठरवलं. मग अबू रोडहून जोधपूर, एक दिवस. मेहरानगडाच्या पायथ्याचा ज्वालामुखीच्या राखेचा दगड बघायचा आहे, दगडफोड्यांनी व्यक्तिगत निरोप करून तीन परिच्छेद पाठवलेत, ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे म्हणे. चढायचं नाही, नुसतं बघायचं. उरलेल्या एका दिवसात रात्रीच्या गाडीने परत, होळीला घरी. माणशी खर्च पंचवीस हजारांच्या आत. वाचलेल्या पैशातून स्वतःचा रॅक आणि साठ मीटरचे दोन दोर.

रम नोव्हेंबरात. ऊन सौम्य, रमजानही नाही. पहिले दोन दिवस गाइडच्या मागे, मग बघू.

भाऊ अबूला येतोय, पण बोलत नाहीये.

मस्कतची_मावशी

बोलेल. भेगेत हात अडकला की बोलेल. नोव्हेंबरात ओमानला उतरून पुढे जा, घरी जेवायला या. तुमच्याकडून येताना लिलो चेवडो आणा, दोन किलो.

गाजर_हलवा

आणि पावागढ?

बाजवाडा_बॉय

रविवारी. रोपवेने.